दहा आणे अंतर

"फोन. सगळ्यांचे. ह्याच्यात टाका," तोंडाला रुमाल बांधलेला एकजण म्हणाला आणि त्यानं सिमेंटचं घमेलं सोनुबाईच्या पायाशी आपटलं.

सकाळचे साडेसात वाजले होते. कडावच्या त्या शेतात वालावर अजून दहिवर होतं, धुकं पुरतं उठलं नव्हतं. बांधापलीकडे जेसीबी चालू ठेवूनच आठ माणसं खाली उतरली होती, कुणाच्या हातात पहार, कुणाच्या हातात कुदळीचा दांडा. सोनुबाईनं फोन टाकला. तिच्या मुलानं, सखानं, शिवी हासडून टाकला. सखाच्या बायकोनं, रोहिणीनं, टाकला. सोनुबाईचा धाकटा भाऊ हिरू भोईर भल्या सकाळी पोशीरहून आला होता. त्यानं आपला बटणांचा फोन वाकून घमेल्यात ठेवला. वस्तू आपटायची त्याला सवयच नव्हती.

मग त्या माणसाचं लक्ष हिरूच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे गेलं. त्यानं पट्ट्याला हात घालून हिसडा दिला, तसा म्हातारा गुडघ्यावर आला. तेवढ्यात मागून दुसरा रुमालवाला जेसीबीच्या आवाजावर ओरडला, "सोड रं त्याला. त्याच्यात काय येत नाय. सगळं धुरकट."

दोघंतिघं हसले. पट्टा सुटला आणि कॅमेरा हिरूच्या गळ्यात राहिला.

आता हा हिरू कोण आणि त्याचा डबा काय, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. हिरू भोईर मोजणी खात्यातला साखळीवाला. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. त्याआधी एकतीस वर्षं कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत त्यानं साहेबांच्या मागं साखळी ओढली. तेहेतीस फुटांची लोखंडी साखळी, तिचे सोळा आणे. एक आणा म्हणजे दोन फूट आणि वर पाऊण इंच. पुढं टेप आले, यंत्रं आली, पण हिरूच्या डोक्यातले आणे काही गेले नाहीत. लांबच्या झाडाकडे बघून तो सांगे, तीन साखळ्या चार आणे. नवे साहेब पैज लावून टेप टाकत, चहा पाजत आणि गप्प बसत.

आणि मोजणी म्हटली की मारामारी आलीच. हातभर जमिनीसाठी भाऊ भावाला उताणा पाडतो, हे हिरूनं इतक्यांदा पाहिलं होतं की त्याला त्याचं नवल उरलं नव्हतं. लोधिवलीच्या बाजूला एकदा कोयत्यानं तुटलेला कान त्यानं स्वतः रुमालात गुंडाळून जखमीच्या मागोमाग दवाखान्यात नेला होता. एका बाईनं दिराच्या डोळ्यांत मिरचीपूड टाकली तेव्हा साखळीचं दुसरं टोक त्या दिराच्याच हातात होतं. खुद्द हिरूच्या कपाळावर दगड लागून पाच टाके पडले होते. पण त्याचा नेम ठरलेला. साखळी ताणून धरायची, आकडा सांगायचा, तोंड मिटायचं. आपण मोजतो, भांडत नाही, असं तो घरी येऊन सांगे. त्यावर त्याची बायको सोमी म्हणे, नशीब माझं, घरात एक तरी गरीब माणूस हाय.

दुसरा गरीब नव्हता. त्यांचा मुलगा रूपेश एकोणतीस वर्षांचा. जमिनी घेणाऱ्या-विकणाऱ्या कमलेश शेठकडे तो 'साइट बघायला' होता. साइट बघणं म्हणजे काय हे सगळ्या पोशीरला ठाऊक होतं आणि भोईरांच्या घरात त्यावर कुणी बोलत नव्हतं. कडावला सोनुबाईच्या शेताला लागून फार्महाऊसांचे प्लॉट पाडायला घेतले तेही याच शेठनं. तेव्हा मात्र सोमीनं मुलाला देवापुढं बसवून विचारलं होतं. आत्याच्या जमिनीत मी पाय ठेवणार नाही, शेठला तसं सांगितलंय, मला खालापूरची साइट दिलीय, असं त्यानं आईच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. आईनं विश्वास ठेवला. बापानंही ठेवला. ठेवायचा नाही तर काय करायचं?

राहिला कॅमेरा. तो मोजणीतल्या एका साहेबांनी बदली होऊन जाताना हिरूला दिलेला, जुना रशियन. फिल्म धुवायचं कसबही त्यांनीच शिकवलं. या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि काच वेगळी. खिडकीत समोरच्या माणसाची दोन चित्रं दिसतात. काच फिरवत गेलं की ती सरकत सरकत एकावर एक बसतात. बसली की फोटो स्वच्छ. पण त्या काचेत बुरशी शिरली आणि कॅमेरा चार वर्षं फडताळात पडून राहिला. मग कर्जतला विपुलनं आपला स्टुडिओ बंद केला तेव्हा हिरूला एक काच अशीच देऊन टाकली. तीही रशियन, पण ज्या कॅमेऱ्याच्या पोटात आरसा असतो त्या जातीची. हिरूनं घरी येऊन ती फिरवून पाहिली आणि काय आश्चर्य, आटे तंतोतंत बसले. एक केसभर खेळ नाही. आटे बसले म्हणजे सगळं जुळलं असं कुणालाही वाटेल. एकतीस वर्षं खुणांवर खुणा जुळवणाऱ्या माणसाला तर वाटणारच.

गावातल्या एका लग्नात त्यानं अख्खा रोल संपवला. नवरी धुरकट, नवरा धुरकट, वरमाई म्हणजे नुसता पांढरा गोळा. गाव महिनाभर हसलं. सगळ्यांत जास्त हसला रूपेश. मित्र घरी आले की तो ते फोटो काढून दाखवी आणि म्हणे, आमच्या बाबानं धुक्याचं लग्न लावलं.

हिरू कॅमेरा घेऊन खालापूरला सिराजकडे गेला. सिराजचं लेथचं दुकान, पंपाचे दांडे आणि बुश करण्यात त्याचा जन्म गेलेला. त्यानं व्हर्नियर लावून दोन्ही अंगं मोजली आणि कपाळावर हात मारला. आरशाच्या कॅमेऱ्याची काच फिल्मपासून लांब बसते, कारण मधे आरशाला जागा लागते. तुझ्या डब्यात आरसा नाही, जागा उथळ. आटे एकच, म्हणून तू ती काच सरळ आत घुसवलीस. सोळा पूर्णांक चार मिलिमीटर जास्त आत. आता काय स्वच्छ दिसणार, हिरूभाऊ?

मग सिराजनं तेवढ्याच जाडीचं ॲल्युमिनियमचं कडं करायला घेतलं. एका बाजूनं आतले आटे, दुसऱ्या बाजूनं बाहेरचे. दोन कडी वाया गेली. तिसरं बसलं, तेव्हा नवंच झेंगट समोर आलं. जुन्या काचेला मागं एक शेपूट होतं. ते आतल्या दांड्याला ढकली, म्हणून खिडकीतली चित्रं सरकत. या काचेला शेपूटच नाही. म्हणजे खिडकीत सगळं कायम साफ दिसणार आणि काच कुठं लागलीय ते कळणारच नाही. अंतर डोळ्यानं ओळखायचं, काचेवर तो आकडा लावायचा आणि बटण दाबायचं. सिराजला वाईट वाटलं. हिरू मात्र मोठ्यानं हसला, आणि हिरू मोठ्यानं हसल्याचं सिराजनं पहिल्यांदाच पाहिलं.

"सिराजभाई, अंतर आता मला तू सांगनार काय?"

काचेवर मीटर कोरलेले होते. हिरूनं त्यावर कागदाची पट्टी डकवली आणि तिच्यावर आणे लिहिले. दुसरा रोल आला तो असा, की सोमीच्या भुवईतले पांढरे केस मोजून घ्यावेत. हिरूनं ते फोटो रूपेशपुढं ठेवले. रूपेश फोनमध्ये होता. हां, छान, म्हणाला आणि त्यानं मान वर केली नाही.

तर त्या सकाळी हिरू कडावला आला होता तो दगडांचे फोटो काढायला. गेल्या महिन्यात सरकारी मोजणी झाली, हद्द सोनुबाईच्या बाजूनं निघाली, आणि चार दगड रोवले गेले. दगड एका रात्रीत चालायला लागतात हे हिरूला पक्कं माहीत होतं. म्हणून फोटो. दोन दगडांचे काढून झाले आणि तेवढ्यात जेसीबी आला.

पहिला दगड त्यांनी पहारीनं उचकटून वालात भिरकावला. दुसऱ्यावर सखा जाऊन उभा राहिला. चौतीस वर्षांचा गडी, अंगानं आडवा. "हा काढून दाखवा," एवढंच म्हणाला. पहारवाला पुढं आला आणि त्यानं बोलाचालीत वेळ घालवला नाही. पहिला घाव गुडघ्यावर. हाड फुटल्याचा आवाज जेसीबी चालू असूनही सगळ्यांनी ऐकला. सखा बसला, पण खाली बसून त्यानं दगडालाच मिठी मारली. रोहिणी धावली, तिला एकानं केसांना धरून वालात फेकली आणि तिच्या पाठीवर पाय दिला. सोनुबाई ओरडत होती, तिच्या तोंडावर दांडा बसला आणि दोन दात तिच्याच पदरात पडले.

हिरूचे हात साखळी शोधत होते. साखळी असती तर ती धरून तो उभा राहिला असता, साखळी नव्हती. त्यानं समोर पाहिलं आणि सवयीनं अंतर डोळ्यांत आलं. दहा आणे. त्यानं काच दहावर आणली आणि डबा डोळ्याला लावला. ती खिडकी केवढीशी, किल्लीच्या भोकाएवढी. तिच्यात माणसं नखाएवढी. नखाएवढ्या माणसानं पहार पुन्हा वर उचलली, झटक्यानं त्याचा रुमाल गळ्यात उतरला, आणि हिरूनं बटण दाबलं. पहार सखाच्या डोक्यावर आली. माणसानं रुमाल वर ओढला. सगळं एका श्वासात झालं. मग जेसीबी वालावरून आडवा फिरला, फोनांचं घमेलं विहिरीत गेलं, आणि आठही जण निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सखानं पनवेलच्या दवाखान्यात प्राण सोडला. पोलिसांनी आठ अनोळखी इसम लिहून घेतले. सगळ्यांची तोंडं बांधलेली, गाडीला नंबर नाही, फोन विहिरीत. सोनुबाई सुजलेल्या तोंडानं येईल त्याला एकच सांगत होती, माझ्या हिरूनं फोटो काढलाय. लोक माना हलवत आणि बाहेर जाऊन एकमेकांकडे बघत. हिरूचा फोटो म्हणजे काय असतो ते गावागावांत ठाऊक होतं.

सखा गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्याची राख सावडून हिरू घरी आला, न्हाणीचं दार लावलं आणि रोल धुतला. ओली पट्टी बाहेर आणली आणि काच कॅमेऱ्यातून काढून, भिंगासारखी डोळ्याला लावून तो बघायला लागला. पट्टीवर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं असतं, पण धुणाऱ्याला सवय असते. दगडाला मिठी मारलेला सखा. वर उचललेली पहार. गळ्यात रुमाल. वर चेहरा.

चेहरा रूपेशचा होता.

हिरू मोरीच्या कडेला बसला तो उठेचना. सोड रं त्याला, सगळं धुरकट. हे कोण ओरडलं होतं ते त्याला आता कळलं. खोटं कशाला बोला, तिथंही कळलं असेल. कानांनी ऐकलं होतं, त्यानं ते आत येऊ दिलं नव्हतं. बापाला वाचवावं म्हणून लेकानं सांगितलं होतं की डब्यात काही येत नाही, आणि ते त्याला खरंच वाटत होतं, कारण तो दुसरा रोल त्यानं पाहिलाच नव्हता. हिरूनं पट्टी अंगणातल्या दोरीवर सोमीच्या लुगड्याशेजारी चिमटा लावून वाळत घातली. मग त्यानं सोमीला सांगितलं. सोमी भाकरी थापत होती. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, उलटली, भाजली, उतरवली, आणि मग ती खाली बसली.

रूपेश दुपारी जेवायला आला. चार दिवस घराबाहेर होता, दाढी वाढलेली. ती दोरीवरची पट्टी त्याच्या डोक्याला घासून गेली. पाखरं हाकलायची पट्टी समजून त्यानं ती बाजूला केली. ताटावर बसून त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, आत्या काय फोटोबिटोचं बोलते म्हणे?

"आलाय," हिरू म्हणाला. "सखाच्या डोक्यावर पहार हाय. रुमाल गळ्यात हाय तुझा."

रूपेश हसला. मग त्यानं आईकडे पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. ताट भिंतीवर गेलं. त्यानं बापाला सदऱ्याला धरून उभा केला आणि भिंतीवर आदळला, एकदा, दोनदा, रोल कुठंय विचारत. फडताळातला कॅमेरा रूपेशनं ओट्याच्या कडेवर आपटला. काच फुटली, पत्रा चेमटला. तरी बाप गप्प. मग त्यानं बापाचा उजवा हात धरून बोटं मागं वाकवली. दोन बोटं मोडली. सोमी मधे पडली, तिला कोपर लागलं आणि ती चुलीजवळ जाऊन पडली. तिच्या नाकातून रक्त आलं. ते बघून रूपेश थांबला. त्यानं आईला उचलून बसवली, आपल्या शर्टानं तिचं नाक पुसलं, आणि मग तोच लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला.

"मला मारायचा नवता रं बाबा. पायावरच मारायचं ठरलं हुतं. त्यानं दगड सोडला नाय." आणि थोड्या वेळानं, "तुला मीच वाचवला तिथं. तुला पन फोडला असता त्यांनी."

हिरूला हे सगळं खरं वाटलं. तेच तर वाईट होतं. या पोराला सखानं खांद्यावर बसवून कडावच्या विहिरीत पोहायला शिकवलं होतं आणि या पोरानंच त्याचं डोकं फोडलं होतं, आणि ते रडणंही खरं होतं. त्याला रूपेशच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. उजवा हात उचलवत नव्हता.

जाताना रूपेश उंबऱ्यात थांबला. त्याचा आवाज आता शांत होता. धुरकट आलाय म्हणून सांग, म्हणाला, नायतर मी फासावर जाईन. तो गेल्यावर सोमीनं चिंध्या काढल्या आणि नवऱ्याची दोन बोटं एकत्र बांधायला घेतली.

"अवं, तो सांगतो तेच सांगा," ती म्हणाली. "पयला रोल सगळ्या गावानं बघितलाय. कोन इचारनार हाय? सखा काय परत येतोय?"

सांगितलं असतं तर कुणी शंकाही घेतली नसती, इतकं ते खोटं तयार होतं. सोनुबाईसुद्धा कपाळ बडवून म्हणाली असती, मेला तुझा डबा, आणि विषय संपला असता. रूपेश जेवायला येत राहिला असता. सोमीनं त्याला वाढलं असतं. आणि दर सणाला सोनुबाई भावाच्या घरी आली असती तेव्हा तिलाही सोमीनंच वाढलं असतं, त्याच पंगतीत.

"सखाला पन आई हाय गं," तो म्हणाला.

सोमीनं गाठ मारली, दुखेल इतकी घट्ट. मग ती आत गेली आणि तिनं आतून कडी लावली. हिरूनं एकदा हाक मारली. त्यानं डाव्या हातानं दोरीवरची पट्टी काढली, वहीच्या कागदात गुंडाळली आणि तो रस्त्यावर येऊन टेंपोला हात करत उभा राहिला.

पोलीस ठाण्यात सोनुबाई आधीच बसलेली होती. रोज येऊन बसत होती. हवालदारानं पट्टी ट्यूबलाइटसमोर धरली, त्याला काही कळलं नाही. मग एका पोरसवदा शिपायानं फोननं पट्टीचा फोटो काढला, रंग उलटे केले आणि दोन बोटांनी मोठा करून टेबलावर ठेवला. हवालदार खुर्चीत पुढं सरकला. एवढा साफ, असं तो स्वतःशीच पुटपुटला, आणि किती लांबून काढला म्हणून त्यानं विचारलं. दहा आणे, हिरू म्हणाला. आणि मग, एकवीस फुटांना थोडं कमी. सोनुबाईला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. ती टेबलाशी येऊन नुसती उभी राहिली. कोण हाय रं हिरू, असं तिनं तोंडातल्या तोंडात विचारलं.

हवालदारानं कागद ओढला.

"ओळखता ह्याला?"

"हां."

"नाव सांगा. पूर्ण. बापाच्या नावासकट."

"रूपेश हिरू भोईर," हिरू म्हणाला. "राहनार पोशीर."

सोनुबाईनं टेबलाची कड धरली. हवालदारानं खाली मान घालून नाव लिहिलं, पत्ता लिहिला, नवी ओळ घेतली आणि त्याच सुरात विचारलं, "साक्षीदाराचं नाव?"

"तुमी आताच लिवलंत," हिरू म्हणाला. "मधलं."

हवालदारानं वर पाहिलं, हिरूच्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं, आणि मग ते नाव पुन्हा एकदा लिहिलं.